शेंगेन व्हिसा दुसऱ्यांदाही नाकारला? खात्यात पैसे वाढवण्याआधी फाइलमधले न जुळणारे कागद शोधा

अडचण अशी असते. युरोपातल्या २९ देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर दहा-बारा दिवस फिरून यायचं आहे. पैसे आहेत, पासपोर्ट आहे, तिकडेच राहून जायचा विचार स्वप्नातही नाही. तरी एक छापील कागद हातात येतो, त्यावर दोन चौकटींत फुल्या मारलेल्या असतात आणि भरलेली फी गेलेली असते. मग कुणीतरी सांगतं, "खात्यात अजून चार लाख दाखवा." तेवढं करून पुन्हा अर्ज जातो आणि पुन्हा तोच कागद येतो.

माझ्या आक्का-दाजींच्या बाबतीत हे लागोपाठ दोनदा झालं. दाजींची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, ते बेदाणा करतात. आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, तिला पेन्शन आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला. त्याच्याकडे थोडे दिवस राहायचं आणि येता-जाता पॅरिस आणि स्वित्झर्लंड बघायचं, एवढाच बेत होता. तिसऱ्या वेळी व्हिसा मिळाला, आणि तेव्हा खात्यात दुसऱ्या वेळेपेक्षा कमी पैसे होते. मध्ये काय बदललं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण हीच अडचण घेऊन गावाकडून आणि नात्यातून मला सतत फोन येतात. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी अकरा लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यांतले साधारण पंधरा टक्के नाकारले गेले. म्हणजे हे दुःख एकट्या-दुकट्याचं नाही.

आधी नकाराचं पत्र वाचा, आणि घाईने पुन्हा भरू नका

नकाराच्या पत्राचा नमुना सगळ्या शेंगेन देशांत एकसारखाच आहे. त्यावर कारणं आधीच छापलेली असतात, अधिकारी फक्त खूण करतो. पर्यटकांच्या पत्रावर फिरून फिरून तीन-चारच कारणं दिसतात. प्रवासाचा हेतू आणि राहण्याची व्यवस्था पटली नाही. खर्चाला पुरेसा पैसा असल्याचा पुरावा नाही. दिलेल्या माहितीवर किंवा कागदांवर विश्वास ठेवता येत नाही. मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे.

ही वाक्यं इतकी सरसकट आहेत की प्रत्येकजण आपल्या भीतीप्रमाणे त्यांचा अर्थ लावतो. "परत जाल याबद्दल शंका" वाचलं की लोक दुखावतात. दाजी दोन दिवस जेवले नाहीत. "सात एकर बाग टाकून मी तिकडं काय करणार?" असं ते सारखं म्हणत होते. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, पण फाइलमधल्या एकाही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. अधिकाऱ्याला माणूस दिसत नाही, कागद दिसतात. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राच्या हातातही निर्णय नसतो. तिथे कागद, फी आणि बोटांचे ठसे घेतात, फाइल दूतावासाकडे जाते आणि निर्णय तिथे होतो. त्यामुळे खिडकीवरच्या मुलीने "सगळं व्यवस्थित आहे" म्हटलं, तर त्याचा अर्थ यादीतले कागद आहेत, इतकाच.

"हेतू पटला नाही" आणि "माहितीवर विश्वास ठेवता येत नाही" या दोन्ही खुणा एकत्र असतील, तर माझ्या अनुभवात कागद कमी पडलेले नसतात. दोन कागद एकमेकांशी भांडत असतात. ते दोन कोणते, हे सापडेपर्यंत पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. प्रौढ माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची ४५. नकार आला तर यातलं काही परत मिळत नाही, आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. दोन माणसं दोनदा, म्हणजे ३६० युरो आम्ही असेच घालवले.

आमच्या फाइलमध्ये दोन प्रवास होते

पहिल्या दोन्ही वेळी एका एजंटाने फाइल केली. त्याने दोन सल्ले दिले. पहिला, "मुलाचं नाव काढूच नका, मुलगा तिकडे आहे म्हटलं की त्यांना संशय येतो." दुसरा, "ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथून भरू, व्हिसा एकदा मिळाला की कुठेही फिरा." आम्ही दोन्ही ऐकले, आणि दोन्ही चुकीचे होते.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा नियम साधा आहे. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाऊल टाकणार त्या देशाकडे. आमचा खरा बेत दहा रात्रींचा होता: सहा स्टुटगार्टला भाच्याकडे, दोन पॅरिसला, दोन स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला. म्हणजे अर्ज जर्मनीकडेच जायला हवा होता. एजंटाने दुसऱ्याच देशात सहा रात्रींचं हॉटेल बुकिंग दाखवून तिथे अर्ज लावला. पण विमानाचं आरक्षण फ्रँकफर्टला उतरून फ्रँकफर्टहूनच परत यायचं होतं, कारण भाचा घ्यायला येणार होता. हॉटेल एकीकडे, विमान दुसरीकडे, आणि मधल्या प्रवासाचं एकही तिकीट नाही. त्यात आक्काने कव्हर लेटरवर भोळेपणाने लिहिलं होतं, "मुलाला भेटण्याची खूप इच्छा आहे." मुलगा कुठे राहतो, काय करतो, याचा एकही कागद फाइलमध्ये नव्हता.

आता मी त्या खुर्चीत बसलो असतो तरी विचारलं असतं, ही माणसं नक्की जाणार कुठे?

यावर उपाय एकच, खरा बेत जसाच्या तसा कागदावर आणायचा. तिसऱ्या वेळी आम्ही जर्मनीकडे अर्ज केला आणि हेतूच्या रकान्यात कुटुंबाची भेट असं लिहिलं. भाच्याने निमंत्रणाचं पत्र दिलं. आई-वडील कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आपल्या घरी राहणार आणि पॅरिस-ल्युसर्नला केव्हा जाणार, हे त्यात स्पष्ट होतं. सोबत त्याच्या पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची प्रत, घरभाड्याचा करार, पगाराच्या तीन पावत्या. नातं सिद्ध करायला त्याचा जन्मदाखला. उरलेल्या चार रात्रींची हॉटेलं आणि स्टुटगार्टहून जाण्या-येण्याची रेल्वे.

जर्मनीत खर्चाची अधिकृत हमी देण्याचीही सोय आहे. मुलगा किंवा मुलगी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन आई-वडिलांच्या सगळ्या खर्चाची जबाबदारी लेखी घेते, त्याची फी २९ युरो. तो मूळ कागद इथे फाइलला लावावा लागतो, मोबाइलवर आलेला फोटो चालत नाही. म्हणून कुरियरचे दिवस आधीच धरा. आई-वडिलांकडे स्वतःचे पुरेसे पैसे असतील तर साध्या निमंत्रणपत्रावरही भागतं. दाजींना स्वतःच्या पैशाने जायचं होतं, तरी आम्ही हमी घेतली, कारण दोन नकार आधीच पाठीशी होते. फ्रान्समध्ये नातेवाइकांकडे राहणार असाल तर तिथल्या नगरपालिकेकडून मिळणारं आतिथ्याचं प्रमाणपत्र लागतं. नातेवाइकाला महिनाभर आधी कामाला लावा.

ज्यांचं तिकडे कुणीच नाही आणि निव्वळ फिरायला जायचं आहे, त्यांनाही हेच लागू होतं. प्रत्येक रात्रीला एक छप्पर हवं आणि दोन छपरांच्या मध्ये एक तिकीट हवं. एका कागदावर रात्रवार तक्ता काढा: तारीख, गाव, मुक्काम, तिथे कसे पोचणार. तक्त्यात जिथे जागा रिकामी राहते तिथेच नकार दडलेला असतो. हॉटेल बुकिंगवर दोघांचीही नावं हवीत. "दोन प्रौढ" असं लिहून एकाचंच नाव असतं, आणि दुसऱ्याच्या फाइलपुरतं ते बुकिंग बिनकामाचं ठरतं. हॉटेलला ईमेल केला तर ते दुसरं नाव घालून देतात. विमानाचं तिकीट आधी विकत घ्यायची गरज नाही, आरक्षण चालतं. पण ते निर्णय होईपर्यंत जिवंत असलं पाहिजे. दोनशे-पाचशे रुपयांत मिळणारी, तीन दिवसांत आपोआप रद्द होणारी आरक्षणं लावू नका. फाइल उघडली जाईल तेव्हा त्या क्रमांकावर काहीच सापडणार नाही, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. हॉटेल बुकिंगही अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द करायची खोड अनेकांना असते. ती मोडा.

शेतीचा पैसा कागदावर कसा मांडायचा

नोकरदाराचं स्टेटमेंट वाचायला सोपं असतं, दर महिन्याला पगार पडतो. शेतकऱ्याचं तसं नसतं. दाजींच्या खात्यात सात-आठ महिने किरकोळ रक्कम फिरते. मग बेदाणा शीतगृहातून सौद्याला जातो आणि अडत्याकडून एकाच दिवशी सात लाख चाळीस हजार जमा होतात. तासगाव-सांगलीच्या माणसाला यात नवल नाही. पण दूतावासातल्या अधिकाऱ्याला ते व्हिसापुरते उसने आणून भरलेले पैसेच वाटणार, कारण असे उसने भरलेले पैसे तो रोज बघतो.

पहिल्या वेळी आम्ही त्या रकमेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी चूक माझी झाली. दाजींना धीर यावा म्हणून मी माझ्या खात्यातून चार लाख त्यांच्या खात्यात टाकले. अर्जाच्या नऊ दिवस आधी. आता एका ऐवजी दोन मोठ्या रकमा झाल्या, आणि दुसरीचं तर खरंच काही कारण देता येत नव्हतं. त्या नकाराला मी स्वतः जबाबदार आहे असं मी आजही मानतो.

तिसऱ्या वेळी ते चार लाख मी परत घेतले आणि स्टेटमेंटमध्ये ते आले-गेले याचं एका ओळीत खरं स्पष्टीकरण दिलं: मेहुण्याने दिले होते, परत केले. बेदाण्याच्या रकमेसाठी अडत्याची पट्टी जोडली. पट्टीवर तारीख, पेट्या, वजन, दर, वजावट आणि निव्वळ रक्कम असते. ती निव्वळ रक्कम आणि बँकेतली नोंद रुपयाला रुपया जुळत होती. स्टेटमेंटवर त्या ओळीला पेन्सिलने खूण करून शेजारी "जोडपत्र ६" लिहिलं. शीतगृहाची पावतीही लावली. मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्या आणि त्या त्या वर्षीच्या नोंदी लावल्या, म्हणजे हा पैसा दर हंगामाला असाच येतो हे एका नजरेत दिसावं. द्राक्षाच्या जागी ऊस असेल तर कारखान्याचं ऊसबिल लावा. दूध असेल तर संघाची दर दहा दिवसांची बिलं लावा, ती तर पगाराइतकी नियमित असतात. कांदा-हळद असेल तर बाजार समितीतली पट्टी.

सातबारा नुसता लावून उपयोग नाही. तो मराठीत असतो, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बहुतेक घरांत खातं सामाईक असतं. त्यावर पाच भावांची नावं बघून यांचा वाटा किती हे परक्या माणसाला कळणार कसं? डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा, प्रमाणित भाषांतरकाराकडून इंग्रजी करून घ्या आणि वर अर्ध्या पानाची टीप लिहा: एकूण क्षेत्र इतकं, माझा हिस्सा इतका, पीक हे, वार्षिक उलाढाल साधारण इतकी.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून कित्येक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. व्हिसाच्या यादीत मात्र आयटीआर मागितलेला असतो. दाजींनी आयुष्यात भरला नव्हता. आम्ही कव्हर लेटरमध्ये तसं सरळ लिहिलं की उत्पन्न शेतीचं आहे आणि ते करमुक्त आहे, आणि सनदी लेखापालाचं पत्र जोडलं. पुढच्या प्रवासाचा विचार असेल तर यंदापासूनच करमुक्त उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरायला लागा. शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो.

किती पैसे दाखवायचे हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. काही देशांनी आकडे ठरवले आहेत. स्वित्झर्लंड माणशी दिवसाला १०० फ्रँक धरतं. फ्रान्समध्ये हॉटेल बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो, बुकिंग नसेल तर १२०. आपले दिवस गुणिले माणसं, त्यात विमानभाडं, वर थोडी मोकळीक, एवढं पुरतं. त्याहून जास्त रक्कम असली तर चांगलंच, पण ती आधीपासून असावी. किमान तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. मी सहा महिन्यांचंच लावायला सांगतो, कारण आपल्याकडच्या शेतीचा हंगाम तीन महिन्यांत मावत नाही.

आणि परत येण्याचं कारण? ते दाजींच्या तोंडात पहिल्या दिवसापासून होतं. आम्ही फक्त ते लिहिलं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत परत येणं भाग आहे, कारण ऑक्टोबरमध्ये फळछाटणी असते, छाटणीची तारीख चुकली तर वर्षाचं पीक जातं आणि बागेवर पीककर्ज आहे. सोबत पीककर्जाचा बँकेचा दाखला आणि द्राक्ष बागायतदार संघाच्या सभासदत्वाची प्रत जोडली. माझ्या मते त्या अख्ख्या फाइलमधला सगळ्यात भक्कम परिच्छेद हाच होता.

नावं

हा आपल्या मराठी माणसांचा खास घोळ आहे. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिहेरी नाव लावतो. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव. कुणाच्या पासपोर्टवर मधलं नाव दिलेल्या नावाला जोडून येतं, कुणाच्या येतच नाही. बँकेत आडनाव आधी असतं आणि मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. त्यात "साहेब", "राव", "पंत" कधी जोडून, कधी तोडून, कधी गायब. सांगली-कोल्हापूरकडच्या सातबाऱ्यावर तर "आण्णासाहेब" हा "आण्णासो" होतो, भाषांतरकार तसंच इंग्रजीत उतरवतो, आणि पासपोर्टवरचा आण्णासाहेब व जमिनीचा मालक आण्णासो ही परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी दोन माणसं ठरतात. जमीनच परत येण्याचा पुरावा असेल, तर तो पुरावा तिथेच निकामी झाला.

आक्काचं वेगळंच. सेवापुस्तक आणि पेन्शनचा आदेश माहेरच्या नावाने, कारण नोकरी लग्नाआधी लागली. पासपोर्ट आणि आधार सासरच्या नावाने. बँकेत आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका ऐवजी दोन "ई".

यावर उपाय असा. पासपोर्टवर जे आहे तेच प्रमाण धरायचं. अर्ज, विमा, विमान, हॉटेल, निमंत्रणपत्र, सगळीकडे त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने नाव घालायचं. ज्या जुन्या कागदांवर वेगळं नाव आहे ते सगळे प्रकार एका प्रतिज्ञापत्रात लिहून, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर नोंदवायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईसाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. जुन्या लग्नांची नोंदणी राहून गेलेली असते. ती आता ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत उशिरानेही करून मिळते, पण साक्षीदार, पत्रिका, फोटो गोळा करण्यात दिवस जातात. हे काम सगळ्यात आधी सुरू करा. बँकेतलं स्पेलिंग तर शाखेत जाऊन चार दिवसांत दुरुस्त होतं. आक्काचं तीन दिवसांत झालं.

तारखा

मुंबईहून युरोपची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि इथेच गफलत होते. दाजींचं विमान ५ सप्टेंबरला पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी होतं. घरातून निघायचं ४ तारखेला. आपल्या डोक्यात प्रवास ४ लाच सुरू होतो. आधीच्या फाइलमध्येही असंच झालं होतं: हॉटेल एक दिवस आधीपासून आणि विमा एक दिवस आधी संपणारा.

मोजायचं असं. युरोपात पाऊल टाकल्याचा दिवस आणि तिथून निघाल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण दिवस धरतात. आमचे ५ ते १५ सप्टेंबर, म्हणजे अकरा दिवस आणि दहा रात्री. १६ ला मुंबईत उतरणं त्यात येत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा हवा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा, उपचारांबरोबर मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात हवा, आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्याने झाकले पाहिजेत. मी पुढे-मागे दोन दिवस जास्तच घेतो. फरक चहाच्या पैशांचा असतो.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे. निर्णयाला पंधरा दिवस लागतात, शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत. मे-जूनच्या गर्दीत जायचं असेल तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघा. लवकर तारीख मिळत नाही म्हणून दुसऱ्या देशाचं दार ठोठवायची वेळ मुळात उशीर केल्यामुळे येते.

नोकरी, धंदा, आणि तरुण मुलं

नोकरदारांनी पगाराच्या पावत्या आणि रजामंजुरीचं पत्र लावावं. पत्रावर रजेच्या नेमक्या तारखा, सही करणाऱ्याचं नाव-पद आणि फोन उचलला जाईल असा नंबर हवा, कारण तिथून कधी कधी खरोखर फोन येतो. दुकानदार-व्यावसायिकांनी गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र आणि चालू खात्याचं स्टेटमेंट. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होणारं खातं. लग्न न झालेल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना जास्त त्रास होतो हे खरं आहे. त्यांनी पहिल्याच वेळी तीन आठवड्यांचा, पाच देशांचा बेत आखू नये. आठ-दहा दिवस, दोन देश, पगाराला शोभेल असा खर्च. वडिलांनी खर्च करायचा असेल तर वडिलांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लावा. मुलाच्या खात्यात पैसे ओतू नका. वर सांगितलेली माझी चूक तीच.

पुन्हा भरताना

नकारानंतर अमुक महिने थांबावं लागतं असा नियम नाही. कारण दुरुस्त झालं की दुसऱ्या दिवशी भरता येतं. पण नकार लपवून काही होत नाही. अर्ज, निर्णय आणि बोटांचे ठसे सगळ्या शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत जातात, नोंद पाच वर्षांपर्यंत राहते, ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. म्हणून दुसऱ्या देशाकडे गेलात तरी जुना नकार तिथल्या पडद्यावर दिसतोच. आम्ही कव्हर लेटरच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं की आधी दोनदा नकार आला, या तारखांना, आणि त्या फाइलमध्ये आमच्या या या चुका होत्या, आता त्या अशा दुरुस्त केल्या आहेत. एजंटाने हे वाचून डोक्याला हात लावला असता. मला मात्र खात्री आहे की याच परिच्छेदाने दार उघडलं.

अपील करावं का? निर्णय खरोखर चुकीचा असेल, म्हणजे जोडलेला कागद "नाही" म्हणून खूण केली असेल, तर जरूर करा. त्याची मुदत आणि पत्ता नकाराच्या पत्रातच असतो आणि प्रत्येक देशाचा वेगळा असतो. फाइलच कच्ची असेल तर अपिलात वेळ जाईल, नवा अर्ज बरा. जर्मनीने तर दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता तिथे नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, हे दोनच मार्ग आहेत.

व्हिसा मिळाल्यावर स्टिकर वाचा

पासपोर्ट हातात आल्या आल्या, केंद्राच्या दारातच, स्टिकर वाचा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक तपासा. मग तीन गोष्टी बघा: कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, किती वेळा प्रवेश. दाजींच्या स्टिकरवर ५ ते ३० सप्टेंबर असं होतं, आणि दिवसांच्या रकान्यात ११. लगेच घरात चर्चा सुरू झाली की तीस तारखेपर्यंत आहे तर आठवडाभर जास्त राहू. तसं करता येत नाही. वरचे पंधरा दिवस विमान पुढे-मागे झालं तर अडचण होऊ नये म्हणून दिलेले असतात. राहायचे दिवस अकराच. बारावा दिवस म्हणजे मुदतीबाहेर राहणं, आणि त्याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाला आडवी येते.

प्रवेशाच्या रकान्यात एक आकडा असेल तर शेंगेनमधून बाहेर पडलात की व्हिसा संपला. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असं २९ देशांत फिरलं तरी तो एकच प्रवेश. पण पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं असेल, तर ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि शेंगेनचा एकाहून अधिक प्रवेशांचा. तसा बेत असेल तर अर्जातच मागा आणि लंडनचं बुकिंग जोडा. दाजींच्या व्हिसावर एकच प्रवेश होता, म्हणून भाच्याने ठरवलेली लंडनची फेरी आम्ही रद्द केली.

परत आल्यावर बोर्डिंग पास टाकून देऊ नका. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी येण्या-जाण्याची नोंद संगणकावर होऊ लागली आहे, त्यामुळे वेळेवर परतल्याचा आपल्या हातातला पुरावा तेवढाच उरतो. तो उपयोगी पडतो. एप्रिल २०२४ च्या नियमाप्रमाणे भारतात राहणाऱ्या भारतीयांनी तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नियमाने वापरले, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि कितीही प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा. दाजींचा एक झाला. आक्काने दोघांचे पास पट्ट्यांच्या फाइलमध्येच लावून ठेवले आहेत, बेदाण्याच्या वर्षवार पट्ट्यांच्या मागे.